वेढ्याच्या खोलीतला गोळा

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. कशाचा, असं विचाराल तर मित्रांनो, त्याबाबत दोन मतं आहेत. बत्तीस वर्षं मी तोफेचा होतो. पण ते माझं मत नव्हतं, माझ्यासमोरच्या पाटीचं होतं. आणि संग्रहालयात लोकांचा वस्तूपेक्षा पाटीवर जास्त विश्वास असतो.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. चौकातल्या मनोऱ्यावर नवं घड्याळ बसायचं होतं. अशा घड्याळात तारेच्या दोराला एक जड वजन टांगलेलं असतं. ते दिवसभर इंचाइंचाने खाली येतं आणि त्याच्या ओढीने चाकं फिरतात. ते वजन म्हणजे मी. ओताऱ्याने मला साच्यातून काढलं, गार झाल्यावर थोपटलं आणि म्हणाला, "चांगला गुटगुटीत निघाला." माझ्या डोक्यावर त्याने एक कडी बसवली आणि पोटात अंगठा जाईल एवढं भोक ठेवलं. वजन कमी पडलं तर त्यात शिसं ओतता यावं म्हणून.

वजन कमी पडलंच. थंडीत तेल घट्ट झालं की घड्याळ थांबायचं. मनोऱ्याला लागूनच घड्याळवाले काका राहायचे. घड्याळाला रोज चावी देणं हे त्यांचं काम. त्यांनी शिसं वितळवून माझ्या पोटात ओतलं. त्यांची आठ वर्षांची मुलगी शेजारी बसून बघत होती. शिसं थिजल्यावर तिने खिळ्याने त्यावर एक चिमणी कोरली. चिमणीला पाय तीन आले. आता काका रागावणार, असं मला वाटलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. एक पाय जास्तीचा असू दे. थंडीत लागतो."

पुढची नऊ वर्षं मी रोज सकाळी वर चढलो आणि दिवसभर उतरलो. माझं कौतुक कोणी केलं नाही. लोक मान वर करून काट्यांकडे बघायचे. मी आत, अंधारात. तरी माझी तक्रार नव्हती. शाळा कोणामुळे सुटते, हे मला माहीत होतं.

मग एका दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी, माझी कडी तुटली. मी तीन मजले खाली आलो, पण या वेळी इंचाइंचाने नव्हे. शेवटच्या पायरीवर आपटलो आणि उघड्या दारातून बाहेर पडलो. दार हवेसाठी उघडं ठेवलेलं असायचं. बाहेर उतार, आणि उताराच्या टोकाला पाण्याच्या नळासाठी खणलेला चर. मी गडगडत गेलो आणि चरातल्या चिखलात रुतलो. त्या वेळी सगळं गाव जेवत होतं. चर खणणारेही जेवत होते. जेवून आले, हात झटकले आणि आत न बघता त्यांनी चर बुजवून टाकला.

काकांनी दोराच्या टोकाला राहिलेली तुटकी कडी कचेरीत नेऊन दाखवली. साहेब म्हणाले, "कडी इथे आहे. मग गोळा कुठे आहे?" चौकशी सुरू झाली. काका म्हणाले, तोवर नवा गोळा ओतून घेऊ. साहेब म्हणाले, जुन्याची चौकशी चालू असताना नवा कसा घेणार? घड्याळ एक वाजून दहा मिनिटांवर थांबलं, ते थांबलंच.

काकांना तोंडावर कोणी चोर म्हटलं नाही. गाव सभ्य होतं. फक्त काका दुकानात शिरले की वाणी आपली वजनं मोजून बाजूला ठेवायचा.

मी चिखलात नऊ वर्षं काढली. त्याच काळात काका गेले. हे मला फार उशिरा कळलं.

पुढे नळ फुटला, चर पुन्हा खणावा लागला आणि मी शाळेतल्या इतिहासाच्या सरांच्या हाती लागलो. सर भला माणूस. गावाचं संग्रहालय त्यांनी एकट्याने उभं केलं होतं. त्यात एक शिवणयंत्र होतं, दोन कंदील होते आणि कोणाच्या तरी पणजोबांची तसबीर होती. पण सरांच्या मनाला एक सल होता. शेजारच्या गावाला लढाई होती. आपल्या गावाला निदान एखादा वेढा तरी असावा, असं त्यांना फार वाटे. मला पाहताच त्यांचे डोळे भरून आले. माझ्या पोटातलं मातीने बुजलेलं भोक वातीचं ठरलं. डोक्यावरचा कडीचा खुंट म्हणजे मी ज्या तटावर आदळलो, त्याचा तुकडा ठरला. गावाला तट नव्हता. अर्थात, तो मीच पाडला असणार.

संग्रहालयातल्या एका खोलीला 'वेढ्याची खोली' असं नाव मिळालं आणि तिथे मला लाल मखमलीवर बसवण्यात आलं. समोर पाटी लागली: 'शत्रूच्या तोफेचा गोळा. वस्तूंना हात लावू नये.' सरांनी वेढ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. शाळांच्या सहली येत, मुलं माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरत. खरं सांगतो मित्रांनो, मला ते आवडायला लागलं होतं.

गेल्या वर्षी सरांनी दारावर सूचना लावली की, घरातल्या जुन्या वस्तू संग्रहालयाला द्याव्यात. तिसऱ्या दिवशी साठीला टेकलेली एक बाई आली. जन्मभर परगावी नर्सची नोकरी करून ती वडिलांच्या बंद घरात परतली होती. तिने पिशवीतून हातभर लांबीची लोखंडी चावी काढून टेबलावर ठेवली.

"मनोऱ्यातल्या घड्याळाची," ती म्हणाली. "बाबांची. पाटीवर त्यांचं नाव घालाल ना?"

सर अडखळले. "घालू की. म्हणजे, ते प्रकरण जरा... लोक वाचतात हो, ताई."

"लोकांनी वाचावं म्हणूनच आलेय."

एवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. ती जवळ आली आणि पेशंटला तपासावं तशी मला बघत राहिली.

"हा कुठे सापडला?"

"उताराखालच्या चरात. त्याचं असं झालं, की शत्रू पूर्वेकडून..."

"सर, याच्या पोटातली माती काढा. आत शिसं आहे. शिशावर चिमणी आहे, तीन पायांची. मी काढलेली."

सरांनी पाटीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वस्तूंना हात लावू नये.

"बरं," ताई म्हणाल्या. "मी नाही लावत. तुम्ही लावा." आणि चावी तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

सरांनी भरदुपारी संग्रहालयाचं दार लावून घेतलं. माझ्याभोवती चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आवृत्तीची मुद्रितं टेबलावर पडली होती. "तुला बोलता आलं असतं तर!" ते मला म्हणाले. बोलता आलं असतं तर मी खरं बोललो असतो का, याची मला खात्री नाही. मखमल फार मऊ असते.

शेवटी त्यांनी कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि माती कोरायला लागले. आधी चोच दिसली. मग एक पाय, दुसरा पाय. तिसऱ्या पायाशी सरांचा हात थांबला. त्यांनी ते पाय पुन्हा मोजले.

मग मुद्रितं खणात सारून, चावी काखोटीला मारून ते ताईंच्या घरी गेले. तिथे काय झालं, ते ताई हल्ली चावी देताना हसत सांगतात. सर दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, वेढा उठवला."

कचेरीत मात्र अडलं. चौकशी चालू असताना वस्तू सापडणं नियमात बसत नव्हतं. पण आताचे साहेब सरांचेच विद्यार्थी. सर नुसतं म्हणाले, "उभा राहा." साहेब सवयीने उभे राहिले आणि उभ्या उभ्याच सही करून मोकळे झाले.

आता नवी कडी लावून मी पुन्हा मनोऱ्यात आहे. ताई चावी देतात, सर तेलाची झारी धरतात आणि निम्मं तेल शर्टावर सांडतात. संग्रहालयातली मखमल रिकामी आहे. जुनी पाटी तशीच ठेवून सरांनी खाली नवी लावली आहे: 'हा गोळा सध्या मनोऱ्यात कामावर आहे. घड्याळवाल्या काकांनी तो चोरला नव्हता. तो उताराने गेला होता. चूक आमची.' त्याखाली काकांचं पूर्ण नाव आहे, ठसठशीत अक्षरांत. रिकामी मखमल बघायला पूर्वीपेक्षा जास्त लोक येतात.

काटा एक वाजून दहा मिनिटांवरून पुढे सरकला, त्या दिवशी वाण्याचा मुलगा मनोऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला. तोही आता पिकला आहे. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "ताई, जिने चढून दमत असाल. अधूनमधून चावी द्यायला मी येत जाऊ?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग उताराकडे पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या. "पण दार लावून घेत जा."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगतो. पण एखादी वस्तू हरवलीच, तर आधी उताराच्या टोकापर्यंत चालत जाऊन बघा. माणसावर संशय घ्यायला नंतर भरपूर वेळ मिळतो.

बरं, आता निघतो. संध्याकाळपर्यंत खाली पोचायचं आहे, इंचाइंचाने.