चाकण-कण

"विजू, आधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, मग मोठ्या मशीनकडे जायचं. मोठ्याला रंग दिसत नाही."

निवृत्त होताना प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे देत सुमनताईंनी एवढंच बजावलं. प्रत्येक मुलाचा नमुना आधी साध्याखाली ठेवीन, असा शब्द मी त्यांना दिला.

मग तळवड्याच्या आमच्या कॉलेजात तो ठरलेला मोठा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला आणि साधा कपाटात गेला. खंडेनवमीला विभागप्रमुख निरंजन सरांनी नव्या मशीनची पूजा घातली. "विजयश्रीबाई, तुमचा रोजचा नेम आहे, कुंकू तुम्हीच वाहा. चकत्यांनाही वाहा." नमुना चिकटवायच्या चकत्यांची डबी उघडीच होती. मी वाहिलं. देवाच्या कामाला मी नाही म्हणत नाही. सरांना तर कुणीच म्हणत नाही.

आमची विद्यार्थिनी आरोही प्रकल्पासाठी चाकणच्या रस्त्याकडेच्या कडुनिंबावरची धूळ तपासत होती. त्यातल्याच एका चकतीवर धूळ चिकटवली, वर सोन्याचा मुलामा दिला आणि मशीनमध्ये घातली. पडद्यावर खडबडीत ढेकळांमध्ये गुळगुळीत, गोलसर कण दिसले. सगळेच करडे.

"सर, हे कशाचे?" आरोहीनं विचारलं.

"कारखान्यांच्या धुराचे. जगात कुणी पाहिले नसतील. नाव ठेवू, चाकण-कण." शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, हेही त्यांनी लगेच ठरवलं.

"साध्याखाली एकदा बघू का?" तिनं विचारलं.

"विमान दारात उभं असताना तू एसटीची वाट बघतेस?"

सरांनी विमान चालवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. बटणं आरोहीच दाबते.

ती माझ्याकडे आली. "मावशी, परवा परीक्षकांपुढं मी उभी राहणार हाय, सर न्हाई. कण खोटे निघाले तर माझं वर्ष जाईल."

आज सकाळी पूजेला बसले. करंड्यातून कुंकवाची चिमूट उचलली आणि हात तिथेच थांबला.

कॉलेजात आल्यावर डबीतली एक कोरी चकती काढली. कपाट उघडून साधा सूक्ष्मदर्शक पुसला, चकती त्याखाली ठेवली. चिकटपट्टीवर तेच गोलसर कण होते. लालभडक.

शेजारच्या खोलीत सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो हो, अगदी नवीन कण."

कुंकू माझ्या हातचं होतं, तेव्हा सांगायचंही मलाच. सूक्ष्मदर्शक दोन्ही हातांनी उचलला आणि आरोहीच्या टेबलाकडे निघाले.