अकरा जणींचा नंबर

"हा नंबर कोणाचा, मंगलताई?"

"माझा."

"आणि हा?"

"तोही माझाच."

समाधानने लॅपटॉप पुरता माझ्याकडे वळवला. निपाणीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. चहावर साय धरली तरी दोघांनीही कप उचलला नव्हता. पडद्यावर अकरा ओळी लाल झाल्या होत्या. राजाबाई, तानीबाई, नागुबाई अशी नावं, आणि प्रत्येक नावापुढे तेच दहा आकडे.

"अकरा बायकांचा एकच मोबाईल कसा असंल? कॉम्प्युटर म्हणतोय ही माणसं खोटी आहेत."

"कॉम्प्युटर कधी आलता आमच्या गल्लीत?"

तो हसला नाही. समाधान आमचा बेळगावच्या ऑफिसातला पर्यवेक्षक. अनगोळला राहतो, माझ्या भाच्याच्या वयाचा आहे. पोरगा वाईट नाही, पण पहाटेची बस धरून आलेला, आणि त्याचा फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. तो उठून उभा राहायचा, "हौद्री सर, हौद्री" असं कानडीत हो-हो म्हणायचा आणि पुन्हा बसायचा.

मी या अभ्यासात दोन वर्षं काम करते. तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेल्या बायकांच्या छातीचं पुढे काय होतं, ते शोधायचं चाललंय. दारोदार जाऊन बायकांना अभ्यासात यायला तयार करायचं, टॅबमध्ये त्यांची माहिती भरायची आणि यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावायचं, एवढं माझं काम. माझी आई वखारीत तंबाखू चाळायची आणि शेवटी खोकूनच गेली. त्यामुळे मला कुणी या कामाचं महत्त्व समजावून सांगायची गरज नव्हती.

नंबराची चूक माझीच, ती मी कबूल करते. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर मोबाईल नंबर विचारतात आणि दहा आकडे भरल्याशिवाय ते पान पुढे सरकत नाही. बेळगावच्या ट्रेनिंगमध्ये मी उभी राहून विचारलं होतं, नंबर नसेल तर काय करायचं? मॅडम म्हणाल्या, आजकाल भाजीवालीकडेही फोन असतो. असतो की. पण आमच्या गल्लीत तो मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा सकाळी सातलाच कागलच्या कारखान्यात गेलेला असतो. घरातल्या म्हातारीच्या हातात फोन कोण देतो? म्हणून ज्या अकरा जणींकडे नंबर नव्हता, त्यांच्यापुढे मी माझा घातला.

दर गुरुवारी चार वाजल्यापासून त्या नंबरवर फोन यायचे. रेकॉर्ड केलेली एक बाई आधी नाव घ्यायची आणि मग गोड आवाजात विचारायची, जिना चढताना दम लागतो का? हो असल्यास एक दाबा, नाही असल्यास दोन. मी गुरुवारी साडेतीनलाच नागुबाईच्या, म्हणजे आमच्या नागुआक्काच्या, कट्ट्यावर जाऊन बसायचे आणि जिचं नाव येईल तिच्या कानाला फोन लावायचे. पहिल्या गुरुवारी नागुआक्का फोनातल्या बाईलाच म्हणाली, "जिना कुटला गं बाय, मला उंबरा चढताना लागतोय." आणि बटण दाबायचं राहूनच गेलं.

"पुढचं बघा," समाधान म्हणाला. "अकराच्या अकरा जणींचं लोकेशन एकाच ठिपक्यावर आणि एकाच दुपारी. सहीच्या चौकटीत अकरा रेघा, सगळ्या सारख्या. ऑफिसात काय म्हणतायत ठाऊक आहे? मंगलताई एका कट्ट्यावर बसल्या आणि सगळं स्वतःच भरून मोकळ्या झाल्या."

"कट्ट्यावरच बसलो होतो. सगळ्या तिथं गोळा झाल्या होत्या. आणि लिहायला येत नाही त्या बोटानं रेघच ओढणार की, चित्र काढणार का?"

"मला ओरडू नका ताई."

मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

"नावं उडाली तर नागुआक्काचंही उडतंय?" मी विचारलं.

"सगळीच उडणार."

खरं दुखणं तिथे होतं. नागुआक्काची फुंकर साऱ्या तालुक्यात सगळ्यात कमी आली होती. तसल्या बायकांना पुढच्या टप्प्यात बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेणार होते. सगळ्या तपासण्या फुकट आणि दोन वर्षं औषधंही फुकट. तिचं नाव लागलं होतं, सोमवारी जायचं होतं. बासष्ट वर्षांच्या त्या बाईने चार दिवस आधीच पिशवी भरून खुंटीला अडकवली होती.

"आज घरोघर जाऊन विचारायचं," समाधान म्हणाला. "अकरातल्या सहा जणींनी तुम्हाला ओळखलं, नळीत फुंकलं म्हणून सांगितलं, की फाईल उडत नाही."

"मग उठा. सहा कशाला, अकराच्या अकरा सांगतील."

मी चहा एका घोटात संपवला. खरंच सांगते, मला काडीचीही चिंता वाटली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी एक निंब आहे. नियमाप्रमाणे मी त्याच्या खाली थांबायचं आणि समाधानने एकट्याने आत जायचं होतं. तो निघाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल, हातात पेन. राजाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तो वाकून काहीतरी बोलला. तिने मान हलवली आणि सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दारातून तो लगेच बाहेर आला. तिसऱ्यातूनही. तानीबाईचं घर निंबाजवळच असल्यामुळे तिथलं मला ऐकू आलं.

"मंगलताई येतात का तुमच्याकडं?"

"कोन मंगल?"

"टॅब घेऊन येतात, नळीत फुंकायला लावतात."

"आमास्नी काय ठावं न्हाय, सायेब. हितं कोन येत न्हाय."

"फोनवर प्रश्न विचारतात ते?"

"फोन कुटला आमच्याकडं? आमी घरात असतोय, पोरं सांभाळतोय."

तो सूर मला पाठ होता.

मी नऊ वर्षांची असताना आईबरोबर वखारीत जायचे. तंबाखू चाळताना खकाणा उडायचा, डोळ्यांत आणि नाकात जायचा. अधूनमधून तपासणीचा साहेब यायचा. पांढरा शर्ट आणि काखेत फाईल. मुकादम आधी दोनदा टाळी वाजवायचा. तेवढ्यात निम्म्या बायका मागच्या दाराने पसार व्हायच्या आणि राहिलेल्यांची उत्तरं ठरलेली असायची. आमी हितं कामाला न्हाय. आमाला काय ठावं न्हाय. भाकरी द्याला आलतो. आणि साहेबासमोर खोकायचं नाही, हे तर पहिलं कलम. मलाही शिकवलं होतं. मी ते धडाधड म्हणून दाखवलं की मुकादम गुळाचा खडा द्यायचा. साहेबाच्या कागदावर नाव गेलं की कुणाचं तरी काम जातं, एवढंच आम्हाला ठाऊक. तीस-तीस वर्षं हेच केलेल्या बायका होत्या या. आणि साहेब आज माझं नाव घेऊन विचारत होता.

मी नियम मोडून पुढे गेले.

"समाधान सर, त्या मला वाचवायला बघतायत. मला दोन शब्द बोलू द्या त्यांच्याशी."

"तुम्ही बोललात की ते शिकवलेलं झालं, ताई."

मी त्याला वखारीचं सगळं सांगितलं. टाळी, मागचं दार, गुळाचा खडा. त्याने उन्हात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग रुमालाने मान पुसली.

"मला पटतंय. खरंच पटतंय. पण पटलं असं लिहायला ह्या फॉर्ममध्ये जागा नाही. ओळखतात, ओळखत नाहीत, दोनच."

सात घरं झाली होती आणि सातही जणींनी 'न्हाय' म्हटलं होतं. तरी तो पुढे गेला. मला वाटतं, माझ्यासाठीच गेला. शेवटचं घर नागुआक्काचं. तिच्या समोरच्या भिंतीला टेकून मी उभी राहिले आणि त्याने मला हटकलं नाही.

नागुआक्का कट्ट्यावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि कधी पाहिलंच नाही अशी नजर फिरवली. माझ्या आईच्या शेजारी वीस वर्षं बसलेली बाई.

"आजी, तुम्हाला दम्याचा त्रास आहे ना?"

"मला? मला काय झालंय? ठणठणीत हाय मी."

"नळीत फुंकलं होतं का तुम्ही?"

"कसली नळी?"

तिला ठसका येत होता. मला लांबूनच दिसत होतं. गळ्याची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं, चेहरा काळानिळा पडला. तिने पदराचा बोळा तोंडावर धरला आणि ठसका आतल्या आत गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. समाधान लिहीत होता, त्याचं लक्ष खाली होतं.

"सर, वर बघा जरा," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं तोवर तिने पदर खाली घेतला होता. ती त्याच्याकडे बघून हसली.

निंबाखाली येऊन त्याने स्वतःचा टॅब काढला, 'ओळखत नाहीत'वर अकरा वेळा बोट टेकवलं आणि मग एकदा शेवटचं 'पाठवा'वर. टॅबवर हिरवी खूण आली. एकदा पाठवलं की परत येत नाही, हे मीच नव्या पोरींना शिकवते. माझा टॅब, फुंकायचं यंत्र आणि ओळखपत्र त्याने मोजून पिशवीत घातलं.

"तुमचं पुढं काय ते वरून कळवतील."

"माझं राहू दे. नागुआक्काचं काही होईल का?"

"फाईलच नाही ना राहिली, ताई." त्याने पिशवीची चेन ओढली. "जेवून घ्या काहीतरी."

तो रिक्षाने स्टँडकडे गेला. मी घरी जायला हवं होतं. पण गुरुवार होता, पाय आपोआप कट्ट्याकडे वळले.

तिथे सगळ्या जमल्या होत्या. कुणीतरी चहा आणला होता.

"गेला का त्यो?" राजाबाईने विचारलं.

"गेला."

"एकीनंबी तुजं नाव काडलं न्हाय बघ," तानीबाई म्हणाली. "लई इचारलं त्यानं. फिरवून फिरवून इचारलं."

"माज्याकडं तर शेवटाला आलता," नागुआक्का म्हणाली. "ठसका आलता गं. पर सोडला न्हाय मी. तुज्या आईची शप्पत." आणि मग तो सुटला. दुपारपासून दाबलेला सगळा खोकला बाहेर पडला. मी तिची पाठ चोळत राहिले. हाडं हाताला लागत होती.

मला फार राग आला होता. त्यांचा, माझा, त्या दहा आकड्यांचा. सांगून टाकावं असं वाटलं, की बायांनो, काय करून बसलात. मी तोंड उघडलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, काहीतरी जिंकून आल्यासारख्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुकादमासाठी नाही, आपल्या माणसासाठी साहेबाला परत पाठवलं होतं.

"बरं केलंस आक्का," मी म्हणाले.

तिचा खोकला बसला. तिने डोळे पुसले. "मग बेळगावला सोमवारीच जायाचं न्हवं? पिशवी भरलीया मी."

मोठ्या दवाखान्यात आता तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं. पण बेळगावातच सरकारी दवाखाना आहे आणि त्याची रांग पहाटेपासून लागते, हे मला ठाऊक होतं. आणि सोमवारी मला दुसरं काम नव्हतं.

"सोमवारीच," मी म्हणाले. "पहिल्या गाडीनं. मी येते न्यायला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. चार वाजले होते. कॉम्प्युटरला अजून कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मी कानाला लावला. फोनातली बाई म्हणाली, नमस्कार, नागुबाई.

मी फोन नागुआक्काच्या कानाला धरला. तिने नेहमीसारखा पदर सावरला, नीट बसली आणि पूर्ण प्रश्न ऐकून घेतला.

"व्हय गं बाय," तिने फोनात सांगितलं. "लई लागतोय." मग आठवण ठेवून अंगठ्याने एक दाबलं. दाबून झाल्यावर बरोबर दाबलं का म्हणून माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. फोन पुन्हा वाजायला लागला आणि राजाबाई हात पुसत पुढे सरकली.