देवीदासने न शिकवलेला शब्द

अमरावतीला देवीदासच्या क्लासात अकरा बाया पोलिश शिकत होत्या. पोलंडमधल्या फळं पॅक करायच्या कारखान्यात त्यांना कामाला जायचं होतं, आणि नेणारा एजंट हाच मास्तर! दोन वर्षं तिकडे राहून आलेला, तेवढ्यावर त्याचा रुबाब विचारू नका. फळ्यावर त्याने चार शब्द लिहिले. जेन दोब्री म्हणजे नमस्कार, जेंकुये म्हणजे आभारी आहे, प्रोशे म्हणजे कृपया आणि ताक म्हणजे हो.

शेंदूरजनाघाटच्या ललिताने विचारलं, "भाऊ, 'नाही'ले काय म्हन्तेत?"

"त्याचं काम नाई पडत तिकडे. हसाचं अन् ताक म्हनाचं."

ते बोलणं ललिताला झोंबलं. तिचा पासपोर्ट देवीदासच्या कपाटात होता. सगळ्यांचेच होते. सुरक्षित राहतात म्हणून त्याने पहिल्याच दिवशी गोळा केले. तिने दोनदा मागितला, त्याने दोनदा टाळलं. मागे संत्रा तोडायला गेली तेव्हा एका ठेकेदाराने तिचं आधारकार्ड असंच ठेवून घेतलं होतं. अंगात ताप असतानाही तिला काम सोडता आलं नव्हतं. त्याचा राग अजून तिच्या पोटात होता.

मग ती आपली आपणच शिकली. गावी संत्र्याचा माल निवडायला बसली की समोर लहान, मध्यम, मोठा असे तीन ढीग असत. मोबाईलची वायर कानात घालून ती पोलिशचे धडे ऐके आणि लहान फळाला 'माम' म्हणे, माझ्याजवळ आहे. मधल्याला 'माश', तुझ्याजवळ आहे. मोठ्याला 'मा', त्याच्याजवळ किंवा आदराने तुमच्याजवळ आहे. आणि सडकं फळ फेकताना 'न्ये', म्हणजे नाही. त्या हंगामात सडका माल फार निघाला, त्यामुळे तो शब्द चांगलाच पक्का झाला.

मुलाखत क्लासातच, व्हिडिओवर होती. देवीदास खुर्ची ओढून शेजारीच बसला. पडद्यावरच्या, कारखान्याच्या पोलिश बाईला ललिता म्हणाली, "जेन दोब्री, जी!" देवीदासने कपाळाला हात लावला. बाई मात्र हसली आणि तिने काहीतरी विचारलं. त्यातलं 'मा' आणि 'पाश्पोर्त' ललिताने बरोबर पकडलं. पासपोर्ट जवळ आहे का?

"ताक म्हन," देवीदास कुजबुजला. "नाई तं घरीच बसशीन."

नोकरी हातची जाईल ही भीती तिलाही होती. तरी ती ताठ बसली.

"न्ये माम," ती म्हणाली. "पान देवीदास मा."

पान म्हणजे साहेब. माझ्याजवळ नाही, देवीदास साहेबांजवळ आहे. शिव्या द्यायला तिच्याकडे शब्द नव्हते, आणि ते लागलेही नाहीत.

बाईचं हसणं थांबलं. ती देवीदासला तडातडा बोलली. ललिताला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्याचं तोंड उतरलेलं दिसलं. त्याने उठून कपाट उघडलं आणि तिचा पासपोर्ट टेबलावर आपटला.

"घे. झालं समाधान?"

ललिता जागची हलली नाही.

"दहा राह्यले अजून, भाऊ. बाया बाहेर उभ्या हायेत. काढा."