पहिला गर कुणाचा?

डोळे मिटा पाहू क्षणभर. एक झाड मनात आणा. इतकं उंच, की शेंडा बघताना मान मागे पडावी. त्याची मुळं जमिनीवर भिंतींसारखी उभी आहेत आणि अशा दोन भिंतींच्या मधे तुम्ही बसला आहात, जणू झाडानं तुम्हाला मांडीवर घेतलंय. वर हिरव्या अंधारात रानकबुतरं जांभळी फळं गिळतायत आणि बिया खाली टाकतायत. टप्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टप्.

आलं ऐकू? हे नगालीचं झाड, टणक बीत बदामासारखा गर असणारं. सॉलोमन बेटांतल्या माकिरा बेटावर, समुद्राकाठच्या एका गावात लोइसा नावाची आठ वर्षांची मुलगी रोज त्याच्या मांडीत बसायची. तिच्या आईला, जेरोलिनला, सातवा महिना होता. लोइसाला वाटायचं, आपलं बाळही अशाच एका टणक बीमध्ये झोपलंय. एक दिवस ते आतून टकटक करेल, कवच उघडेल आणि आत बदामासारखं पांढरंशुभ्र बाळ हसत असेल.

नगालीचा हंगाम होता. सकाळ झाली की बाया त्याच झाडाखालच्या अंगणात गोल करून बसत. प्रत्येकीपुढे तिचा स्वतःचा दगड, मधोमध खळगी पडलेला, सासूकडून सुनेकडे आलेला. खळगीत बी उभी धरायची आणि वरून गोट्यानं एकच नेमका घाव घालायचा. कवच फुटावं, गर मात्र अख्खा राहावा. अख्खा गर टोपलीत जायचा, कारण नाताळच्या मेजवानीत त्याचाच शिरा होई. तुटलेला गर फोडणारीच्या तोंडात!

"फिलिस्टा, हळू गं! तुझ्या घावानं बी राहिली बाजूला, कोंबड्याच पळाल्या," कुणीतरी म्हणे.

"मग तुम्ही मुद्दाम तिरपा घाव घालता ते काय? निम्मा हंगाम पोटातच गेलाय तुमच्या!"

सगळ्या हसत. सगळ्या चघळत. फक्त दोन तोंडं बंद असत. एक जेरोलिनचं आणि दुसरं शेजारच्या फिलिस्टाचं. तिलाही पाचवा महिना होता.

तबिथा आजीचा तसा दंडक होता. तबिथा म्हणजे लोइसाच्या वडिलांची आई. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. ती म्हणायची, "पोटुशीनं नगाली खायची नाही. तेलकट गरानं मूल फुगतं. मग त्याला बाहेरची वाट सापडत नाही."

म्हणून जेरोलिन पांढरा भात खायची, नूडल्स खायची, गोड चहा प्यायची आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी नगाली फोडायची. लोइसाचे वडील मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होते, ते नाताळलाच घरी येणार होते. सुनेवर आजीची माया होती, हे खोटं नाही. पाणी ती स्वतः आणायची. रात्री सुनेचे पाय चेपायची. पण नगालीचं नाव काढलं, की तिचा चेहरा त्या कवचासारखाच घट्ट मिटायचा.

एके दिवशी फोडता फोडता जेरोलिनच्या हातून गोटा सुटला. तिनं डोळे मिटले आणि मुळाच्या भिंतीला टेकून बसली. ओठ पार पांढरे पडले होते. लोइसानं हळूच मुठीतला गर पुढे केला.

"खा ना, आई. कुणी बघत नाहीये."

"नको गं राणी. आजीनं नको म्हटलंय ना?"

"पण बाळ मागतंय. मी कान लावला होता. ते टकटक करतंय."

जेरोलिन हसली आणि तिनं लेकीची मूठ पुन्हा मिटवली.

दोन दिवसांनी नर्स अग्नेटा आली. ती महिन्यातून एकदा होडीनं येई. तिनं जेरोलिनच्या पोटाला टेप लावला, पापणी खाली ओढून पाहिली आणि टेप पुन्हा एकदा लावला.

"सातवा महिना, आणि बाळ सहाव्याएवढं! पापणीच्या आत लाली नाही, म्हणजे अंगात रक्त कमी. असंच चाललं तर बाळ अशक्त निपजेल, आणि बाळंतपणात तुझ्याही जिवाला धोका. काय खातेस गं?"

"भात. नूडल्स. कधी रताळं."

"आणि वर टांगलेलं ते काय?"

चुलीवर, धुरात, पानांत बांधलेल्या गरांच्या तीन टोपल्या झुलत होत्या.

"ते नाताळचं आहे," तबिथा आजी म्हणाली. "सणाआधी त्याला कुणी हात लावत नाही. आणि पोटुशीनं तर नाहीच. मूल फुगतं."

"मावशी, मूल उपाशी ठेवून बाळंतपण सोपं होत नाही. कळा सोसायला आईच्या अंगात जोर नको? तो काय नूडल्स देणार?"

"तू कालची पोर! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

"काय पाहिलंत?"

 चुलीतला धूर छपरापर्यंत गेला, तिथंच रेंगाळला. मग आजी इतक्या हळू बोलली, की लोइसाला पुढे सरकावं लागलं.

"माझं पहिलं. असाच हंगाम होता. मी ओंजळीनं नगाली खाल्ली. दोन दिवस कळा आल्या, मूल अडकलं ते अडकलंच. सासू म्हणाली, तुझ्या जिभेनं खाल्लं त्याला."

 नर्स अग्नेटा आजीच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली.

"मावशी, आठवतंय का? आधी काय दिसलं? डोकं?"

"हात," आजी म्हणाली. "इवलासा हात. पाचही बोटं मिटलेली."

"मग ऐका. हात आधी येतो, तेव्हा मूल पोटात आडवं असतं. जाडं असो की बारीक, आडवं मूल अडकतंच. तेव्हा होडी नव्हती, दवाखाना नव्हता. नगालीचा काही दोष नव्हता. आणि तुमचाही नव्हता!"

 किती वर्षं आजीनं तो दोष दगडासारखा उराशी धरला होता! आणि त्याच भीतीनं आज सुनेच्या तोंडचा घास काढून घेतला होता! तिनं कमरेच्या कापडाचं टोक तोंडाला लावलं आणि ती लहान मुलीसारखी रडली.

नर्सनं जेरोलिनला विचारलं, "कुठलाही दाणा खाऊन कधी खाज, ओठाला सूज, असं काही?"

"छे! लहानपणी तर मी झाडाखालीच वाढले."

"मग रोज मूठभर गर खा. सोबत पालेभाजी आणि मासा. लोहाच्या ह्या गोळ्याही चुकवायच्या नाहीत. एकटी नगाली म्हणजे काही जादू नव्हे. पण बाळाचं अंग घडायला जे लागतं, त्यातलं पुष्कळ तिच्यात आहे. आणि बाळ आडवं आहे का, ते मी दर खेपेला बघेन."

तबिथा आजी उठली. तिनं हात उंच करून मधली टोपली खाली काढली. पानांची गाठ सुटली आणि धुराचा, तेलाचा गोड वास घरभर पसरला. सणाआधी ती गाठ गावात कुणी कधी सोडली नव्हती!

"आई, नाताळचा शिरा?" जेरोलिन घाबरून म्हणाली.

"शिरा थोडा कमी पडेल. पाहुणे काही मरत नाहीत." आजीनं एका गराची तपकिरी साल काढली आणि तो सुनेच्या ओठांशी धरला. "खा, माझे बाई. पहिला गर तुझा."

मुलांनो, तुमच्या घरीही कुणी गर्भारशी असेल. तिच्या ताटातून काही काढून घेण्याआधी विचारा, हे कोण सांगतंय, शहाणपण की जुनी भीती? भीतीही मायेपोटीच येते, म्हणून तिच्यावर चिडू नका. पण तिला विचारल्याशिवाय राहू नका. जे घर आईला आधी जेवू घालतं, ते बाळालाच जेवू घालत असतं.

आणि लोइसा? तिनं आईला तीन गर खाताना पाहिलं, पोटाला कान लावला, मान डोलावली. मग टोपलीतले मूठभर गर हिरव्या पानात गुंडाळले आणि कुंपण ओलांडून पळाली. फिलिस्टा एकटीच बिया फोडत बसली होती, तोंड मिटून. लोइसानं पान तिच्या मांडीवर उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि हुबेहूब आजीच्या आवाजात म्हणाली,

"खा, माझे बाई. आजीनं पाठवलंय."

आजीनं पाठवलं नव्हतं. पण कुंपणापाशी येऊन तबिथा आजी उभी होती, आणि तिनं होकाराची मान हलवली. मग लोइसानं फिलिस्टाच्या हातातला गोटा काढून घेतला, खळगीत एक बी उभी धरली आणि जपून, नेमका घाव घातला.