टाचमामांची ओळ

"ही खूण कोणाची?" सुपरवायझरने फळीवर बोट ठेवून विचारलं.

चार-पाच जण वाकून बघत होते. ओळीच्या पहिल्या फळीवर, कडेला, ओळ लावणाऱ्याने खडूने काढलेला गोल होता आणि गोलात एक टिंब. ती खूण कोणाची हे हॉलमध्ये झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कोणी बोलेना. धाकट्याने तर नजर छतावरच्या दिव्यांकडे नेऊन ठेवली, जणू ते आजच बसवले होते.

"माझीच," टाचमामा म्हणाले. "डोळ्यांत औषध घातलं होतं साहेब. बेचाळीसच्या जागी त्रेचाळीस गेली असेल माझ्याकडून."

पण त्या दोन फळ्या टाचमामांनी लावल्याच नव्हत्या. धाकट्याने लावल्या होत्या.

हा हॉल मोठा बहुरूपी. आठ हजार खुर्च्यांच्या मधोमध आज गाण्याचा कार्यक्रम, उद्या बास्केटबॉलचा सामना, परवा कुठल्याशा कंपनीचं संमेलन. दर वेळी त्याचं सोंग बदलायचं काम खालच्या माणसांचं. गाणं झालं की स्टेज काढायचं आणि सिमेंटच्या जमिनीवर लाकडी फळ्यांचं मैदान अंथरायचं. चार फूट लांब, चार फूट रुंद अशा दोनशेच्या वर फळ्या, प्रत्येकीच्या पोटावर नंबर. इतकी वर्षं एकमेकींना घासून त्यांच्या कडा अशा झिजल्या होत्या, की शेजारीण बदललेली त्यांना खपत नसे. चुकीची फळीही बसायची, खीळही लागायची, पण एक कड नखाएवढी वर राहायची. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून टाचमामा बूट काढून, पायमोज्यांनिशी, लावलेल्या प्रत्येक फळीवर टाच मारत. नीट बसलेली फळी ठाम बोलते, चुकलेली पोकळ. त्यांना काचबिंदू झाल्यापासून नंबर वाचायला त्रास व्हायचा, पण टाच कधी चुकली नव्हती. नाव पडलं ते त्यावरूनच.

धाकट्याला या कामाला त्यांनीच लावलं होतं. तेव्हा तो पंचविशीचा होता. आता सेहेचाळीस वर्षांचा झाला, दोन मुलांचा बाप झाला, पुढचे केस गेले, तरी हॉलमध्ये तो धाकटाच.

त्या सकाळी स्टेज निघायला उशीर झाला होता आणि दुपारी चारला मुलींचा सामना होता. ओळ अर्ध्यावर आली असताना मामांच्या फोनचा गजर वाजला. डोळ्यांत थेंब घालायची वेळ. "जरा बघशील का रे?" म्हणून ते गेले. पलीकडच्या टोकाची जोडी धाकट्याच्या दोन ओळी पुढे होती आणि त्याला ते सहन होत नव्हतं. त्याने मामांच्या हातगाडीवरच्या दोन फळ्या उचलल्या, धडाधड टाकल्या, खिळी ठोकल्या आणि पळाला आपल्या ओळीकडे. टाच मारायची राहिली. खरं तर राहिली नाही, त्याने मारली नाही. डोळे पुसत मामा परतले आणि मधे दोन वाढल्याचं न कळता पुढची फळी लावायला बसले.

सामन्याच्या तिसऱ्या भागात पाहुण्या संघाची कॅप्टन चेंडू घेऊन धावत आली, तिचा बूट कशाला तरी अडला आणि गुडघा नको त्या बाजूला वळला. ती ओरडली तेव्हा आठ हजार माणसं गप्प झाली. धाकटा दाराशी उभा होता. ती कुठे पडली ते बघितल्याबरोबर त्याला सगळं कळलं.

म्हणजे बोलायला वेळ होता. सुपरवायझरने खूण कोणाची विचारलं तेव्हा होता, मामांनी "माझीच" म्हटलं तेव्हा होता, दुसऱ्या दिवशी कागदावर मामांची सही घेतली तेव्हाही होता. धाकट्याने तोंडात मूग धरले. मनात म्हणाला, मामांचं काय, वर्षभरात घरीच बसणार आहेत. असं आपल्याला सुचलं, याचीच पुढे त्याला जास्त लाज वाटत राहिली.

मामांना मैदानावरून काढून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं.

आठवड्याने तो घरी आला तर बायको दारातच म्हणाली, "मामांचा फोन होता. म्हणाले, धाकट्याला सांग, मनाला लावून घेऊ नको. साहेबांपुढे माझी बाजू घेता आली नाही म्हणून तोंड चुकवत फिरतोय वेडा."

धाकटा बूट सोडत राहिला. एकाच बुटाची नाडी, बराच वेळ.

"तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत त्यांच्यासाठी?"

"डोकं दुखतंय गं."

"दुखणारच," ती म्हणाली आणि आत गेली.

मग त्याला खिडकीशी जावंच लागलं. मामा छत्र्या, एकेकटे कानातले आणि कोणाची तरी दातांची कवळी यांच्या मधे बसले होते. "ये, ये. बघ, कवळी विसरून गेलाय माणूस. गाणं ऐकता ऐकता काय खात होता कोण जाणे!" धाकटा हसला. हसल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

"हॉस्पिटलात जाऊन आलो," मामा मधेच म्हणाले. "त्या पोरीपुढे हात जोडले. म्हटलं, बाळ, माझ्या डोळ्यांनी तुझा घात केला. गुणाची आहे. म्हणाली, आजोबा, होतं असं कधीकधी. वर्षभर खेळता यायचं नाही तिला."

आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं धाकटा मनात म्हणेपर्यंत एक बाई छत्री मागायला आली आणि तो सटकला.

कबूल करायचा धीर नाही आणि गिळून टाकायची ताकद नाही, अशा माणसाला भलत्याच युक्त्या सुचतात. तीन आठवड्यांनी पुन्हा मैदान अंथरायचं होतं. धाकट्याने आपल्या ओळीत दोन फळ्या मुद्दाम एकमेकींच्या जागी लावल्या. बाकीचे चहाला गेल्यावर तो खिडकीशी आला.

"मामा, एक ओळ मनासारखी बसत नाहीये. टाच मारून बघता का?"

"नको रे. माझ्या पायाचा भरवसा राहिला नाही आता."

"माझ्यासाठी या."

मामा आले. मैदानाच्या कडेला बसून त्यांनी बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले आणि चाचरत पहिल्या फळीवर पाय ठेवला. टाच मारली. मग दुसरीवर. तिसरी, चौथी. सातव्या फळीशी ते थांबले. पुन्हा मारली. आठवीवर मारली.

"या दोघी," ते म्हणाले. "अदलाबदल झालीये यांची. काढ, बघ नंबर."

धाकट्याने खीळ काढून एक फळी उचलली, नंबर बघितला. "बरोबर आहे मामा!"

काय आनंद झाला म्हाताऱ्याला! आपल्याच पायाकडे ते बघत राहिले. "अजून कळतंय म्हणायचं. मोज्यातून कळतंय. मी उगाच..."

तिथे ते थांबले. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण आता त्यात काही उरलं नव्हतं. त्यांनी वाकून ओळीच्या टोकाला असलेली धाकट्याची खडूची खूण जवळून बघितली. मग धाकट्याकडे बघितलं.

"एवढी पोकळ बोलतेय ही. तुला कळली नाही, असं कसं होईल?"

धाकटा फळीच्या पोटावरचा नंबर बघत राहिला.

"त्या दिवशीही मी प्रत्येक फळीवर टाच मारली होती," मामा सावकाश म्हणाले. "मी लावलेल्या प्रत्येक. थेंब घालून आलो तेव्हा किती लागल्या होत्या रे मधे?"

तीन आठवडे रोज अंथरुणात पडून पाठ केलेलं सगळं धाकट्याच्या घशाशी आलं. बाहेर एकच शब्द पडला.

"दोन."

मामा रागावले नाहीत. रागावले असते, थोबाडीत मारली असती, तर धाकट्याने गाल पुढे केला असता. "मी त्या पोरीपुढे हात जोडले रे," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी बूट हातात घेतले आणि कडेने न जाता मैदानावरून सरळ निघाले. मोज्यांनिशी, एकेका फळीवर टाच मारत. रिकाम्या हॉलमध्ये तो ठाम आवाज होत राहिला. दोन्ही हातांनी फळी छातीशी धरून धाकटा उभा होता. तिची जागा कुठली ते त्याला ठाऊक होतं. पण मामा पलीकडच्या दारातून बाहेर जाईपर्यंत ती खाली ठेवायची त्याची हिंमत झाली नाही.