चढाचे टायर

मिस्त्रीनं स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, तसा पुढचा टायर मडगार्डच्या पत्र्याला असा काही घासला की समोरच्या तारेवरची पाखरं भुर्रकन उडाली. त्यानं स्टेअरिंग सोडलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून म्हणाला,

"लागतोय."

सासरे गुडघ्यांवर हात टेकून वाकले. टायर आणि पत्रा यांच्यामध्ये त्यांनी बोटं घालून पाहिली. बोटं काही शिरली नाहीत.

"किती लागतोय?"

"दोन बोटं."

"मग दोन बोटं पत्रा कापा."

"मामा, गाडी आहे ही. पायजमा नाही, लांब झाला म्हणून दुमडायला."

"कापा हो जावईबापू. पत्र्याला काय दुखतंय?"

मिस्त्रीनं डोकं आत घेतलं आणि कपाळ स्टेअरिंगवर टेकवलं. सकाळपासून त्यानं सात कारणं सांगितली होती आणि सातही कारणं या माणसानं अशीच, आवाज न चढवता, बाजूला काढून ठेवली होती. चाळीस वर्षं मधमाश्या पाळून सासऱ्यांच्या अंगात झटका म्हणून काही उरलंच नव्हतं. माशी हातावर बसली, तर ती आपणहून उडेपर्यंत ते थांबत. जावयाचा रागही ते तसाच उडून जायची वाट बघत थांबत. आणि त्या थांबण्यानंच मिस्त्रीचं डोकं जास्त फिरत होतं.

गोष्ट एवढीच होती. सासरे डोंगरावर एकटे राहत. साठ पेट्या, एक खोली आणि ही जुनी पिकअप. खोलीपर्यंत जाणारा शेवटचा चढ चिकणमातीचा. गेल्या महिन्यात त्या चढावर गाडी घसरली आणि मागचं चाक चरात जाऊन बसलं. गाडी तिथंच सोडून सासरे चिखलातून चालत वर गेले, आणि कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. चार दिवसांनी दूधवाल्याकडून लेकीला कळलं, तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. आता पेट्या देऊन टाका आणि आमच्याकडे या राहायला, म्हणाली. सासऱ्यांनी आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी ते मिस्त्रीच्या दारात उभे राहिले. पिकअपच्या हौद्यात लष्कराच्या डेपोनं निकालात काढलेले चार टायर होते. एकेक टायर माणसाच्या कमरेला लागेल एवढा.

बापलेकीचं भांडण तिथंच, वर्कशॉपच्या दारात झालं. आणि शेवटी दोघांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. गाडी त्या चढावर भरवशाची आहे की नाही, ते मिस्त्री सांगेल. हो म्हणाला तर बाबा वर राहतील, नाही म्हणाला तर सामान बांधतील. वाहनाबद्दल हा माणूस खोटं बोलत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मिस्त्रीला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही म्हणा," सकाळी डबा भरताना बायको म्हणाली होती. "एक शब्द आहे. त्याला जोडाक्षरसुद्धा नाही."

"आधी बघू तरी दे."

"बघायचंय काय त्यात? म्हशीचे पाय शेळीला लावायला निघालेत ते!"

उपमा अगदी बरोबर होती. म्हणून तर तो निश्चिंत मनानं कामाला लागला होता. टायर रिमवर बसणारच नाहीत, दहा मिनिटांत विषय मिटेल, असा त्याचा हिशेब होता. पण देवाला तरी काय सुचलं होतं कोण जाणे, रिमचं माप नेमकं जुळलं. वर्षानुवर्षं गोदामात पडून टायर लाकडासारखे कडक झालेले. साबणाचं पाणी लावून, पहारीनं रेटून, दोन वेळा बोटं चेंगरून घेऊन त्यानं ते चढवले. प्रत्येक टायर 'टप्प' करून बसला की सासरे मान डोलावत, जशी ती समेवर आलेली तान होती.

मग टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासू लागले. तेही त्यानं आनंदानं सांगितलं. सासरे म्हणाले, गाडी थोडी उचलता येत नाही का? येत होती, हीच तर पंचाईत. पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून त्यानं गाडी चार बोटं उचलली. आता मडगार्ड. त्यानं पुढची चाकं पुन्हा काढली, ग्राइंडर उचललं आणि ठिणग्या उडवत दोन बोटं पत्रा कापला. कापताना तो स्वतःशीच पुटपुटत होता ते यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

शेजारचा पत्रेवाला चहाचा पेला हातात घेऊन येऊन उभा राहिला.

"काय मिस्त्री, रणगाडा कधी घेतलास?"

"तू जा रे बाबा."

"नाही, तोफ लावायची असेल तर पाइप आहे माझ्याकडे."

सासरे मनापासून हसले. मिस्त्री हसला नाही. त्यानं डाव्या बाजूचं चाक उचलून बसवलं, नट आवळले, उजवीकडे गेला, तेही बसवलं आणि पाना जमिनीवर आपटला. तेव्हा सासरे हळूच खाकरले.

"जावईबापू, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"बोला."

"टायरवर बाण आहे. कुठल्या दिशेनं फिरायचं त्याचा. दोन्ही चाकांवर तो मागे तोंड करून आहे."

मिस्त्रीनं पाहिलं. बाण होता, बोटभर लांब. डावं चाक उजवीकडे गेलं होतं आणि उजवं डावीकडे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"कधी दिसलं तुम्हाला?"

"पहिलं चाक बसवत होतात तेव्हा."

"मग तेव्हाच बोलायचं ना, मामा!"

"तेव्हा तुम्ही फार तापला होतात," सासरे समजुतीनं म्हणाले. "म्हटलं, शांत झालात की सांगू."

मिस्त्री वर्कशॉपच्या मागे गेला, नळाखाली डोकं धरलं आणि तसाच उभा राहिला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"सांगितलंत?"

"अजून बघतोय."

"काय बघताय? लग्नाला हो म्हणायला एवढा वेळ नव्हता लावलात."

"तेव्हा तरी कुठे नीट बघितलं होतं!"

"बाबांनी काही खाल्लं का?" ती एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली.

"मला विचार की."

"तुम्ही खाल्लंच असणार. येतेय मी डबा घेऊन. आणि मी येईपर्यंत काय तो निकाल लागलेला हवा."

चाकं पुन्हा काढली, पुन्हा लावली. दुपार टळता टळता गाडी टेकूच्या लोखंडी घोडीवरून खाली उतरली, ती वीतभर उंच होऊन. जुनी, रंग उडालेली, एका बाजूचा दिवा पिवळा पडलेला. आणि खाली ते चार काळे, दातेरी पाय. हसू यावं असं ध्यान. पण मिस्त्रीला हसू आलं नाही, कारण आता गाडी चालवून बघणं भाग होतं.

वर्कशॉपमागे खडीच्या खाणीकडे जाणारा चढ होता. पाणी झिरपून तो बारा महिने ओला असे आणि भरलेले ट्रकसुद्धा तो टाळत. मिस्त्रीनं मुद्दाम त्यातलाच सगळ्यात वाईट भाग निवडला. पहिला गिअर टाकला. गाडी कुरकुरली, जड झाली. मग टायरच्या दातांनी मातीत पकड घेतली आणि ती म्हातारी एकेक पाऊल टाकत, न घसरता, थेट माथ्यावर जाऊन उभी राहिली. तो पुन्हा खाली आला. अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा उचलली. घेतली तिनं उचल. तिसऱ्यांदा तो कशासाठी गेला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. स्टेअरिंगवरचे हात खूश झाले होते आणि त्या हातांचाच त्याला राग येत होता.

परत आला तेव्हा बायको आली होती. बाकावर डबा ठेवून, हाताची घडी घालून उभी होती. शेजारी सासरे टोपी हातात घेऊन उभे. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे दोघंही.

"बोला," ती म्हणाली.

मिस्त्री उतरला. फडक्यानं एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत राहिला. ब्रेकबद्दल बोलता आलं असतं. सपाट रस्त्यावर गाडी रडेल, हेही खरंच होतं. पण विचारलं होतं चढाबद्दल. त्यानं वेळ काढला.

"मामा, तुम्ही एक फेरी मारून या. गाडी तुमची आहे. मग सांगतो."

"हां, ते बरोबर," सासरे म्हणाले आणि टोपी घालून गाडीकडे गेले.

त्यांनी दार उघडलं. सीटखालचा पत्रा त्यांच्या कमरेला लागत होता. दाराच्या मुठीला एक हात, सीटला एक हात. उजवा पाय उचलला, तो अर्ध्यात थांबला आणि परत खाली आला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून आरसा पुसला. वाकून टायरवरून हात फिरवला, जसं काही ते मुळात त्यासाठीच तिथं गेले होते. पुन्हा पाय उचलला. या वेळी तेवढाही वर गेला नाही.

"आरसा फार मळलाय हो," ते मागे न बघता म्हणाले आणि पुन्हा आरसा पुसू लागले.

मिस्त्रीच्या हातातलं फडकं थांबलं. सकाळपासून जे शोधत होता ते समोर उभं होतं. न कापता येणारं, न उचलता येणारं. खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं म्हणायचं होतं, 'मामा, आधी बसून दाखवा.' त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. तिच्या हाताची घडी सुटली होती.

"अहो," ती म्हणाली, "इकडे या जरा. डब्याचं झाकण निघत नाहीये."

झाकण सैल होतं. वर्षभर ती त्याला नवा डबा आणा म्हणून सांगत होती. तो गेला. ती गाडीकडे पाठ करून बसली आणि बाही धरून तिनं त्यालाही तसंच बसवलं. दोघांनी मिळून ते सैल झाकण घट्ट धरून ठेवलं.

मागे बूट पत्र्यावर घासला. श्वास ऐकू आला, लांब आणि खडबडीत. मग काहीच नाही. मग कशावर तरी काहीतरी आपटलं. बायकोची नखं त्याच्या मनगटात रुतली, पण तिनं मान वळवली नाही. पुन्हा बूट घासला. पुन्हा शांतता, आधीच्यापेक्षा मोठी. आणि एकदम दार धाडकन लागलं आणि इंजिन सुरू झालं.

"चिमणे!" वरून आवाज आला, धापा लपवत. "इथून केवढं लांबचं दिसतं गं!"

तिनं झाकण सोडलं. डोळे बाहीला पुसले.

"चढेल ना हो ती गाडी? खरं सांगा."

"चढेल. तीनदा चढवली."

"कळलं." ती उठली, तरातरा चालत गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली, दार उघडलं, एक पाय उगाच इंचभर उचलला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली,

"बाबा, हे काय करून ठेवलंय? माणसानं चढायचं कसं यात? मी काय वानर आहे?"

"अगं, उंच झालीय जरा..."

"जरा? मला नाही चढता येत! आणि मला दर रविवारी यायचंय वर, आधीच सांगून ठेवते. अहो, पायरी लावा याला. आज, आत्ता."

सासऱ्यांनी खिडकीतून डोकं काढलं. कपाळावर घाम होता. स्वर मात्र त्रासलेल्या बापाचा.

"लावा हो जावईबापू एक पायरी हिच्या बाजूला. आईवर गेलीय अगदी. आपलंच खरं करणारी."

"एका बाजूला बरं दिसत नाही," ती म्हणाली. "दोन्हीकडे लावा."

कोपऱ्यातल्या ढिगातून मिस्त्रीनं एक लोखंडी पट्टी ओढून काढली, खिशातून मोजपट्टी काढली आणि आधी ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसला.