अप्पांचा पाण्याचा नेम

कागद कारखान्याच्या दोन नंबर गेटवर एक छोटी खोली होती आणि त्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे ड्रायव्हर 'पावतीबाई' म्हणत. ट्रक आला की कागद बघायचे, नंबर लिहायचा, पावती द्यायची आणि "थांबा, आतून बोलावणं आलं की सांगते" म्हणायचं, हे त्यांचं काम. आतून बोलावणं कधी चार तासांनी येई, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर नदीकाठच्या रस्त्यावर ट्रक एकामागे एक उभे. ड्रायव्हरला जागा सोडून जायची सोय नाही. रांग सरकली आणि आपण स्टीअरिंगवर नसलो, की मागचा पुढे गेलाच म्हणून समजा.

पावतीबाई कामाला चोख होत्या आणि मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. रोज सकाळी खिडकीतल्या मातीच्या थाळीत पाखरांसाठी पाणी भरल्याशिवाय त्या चहाचा घोट घेत नसत. अकरा वर्षांचा हा नेम तापाने फणफणल्या होत्या तेव्हाही चुकला नव्हता.

पण त्यांच्या खोलीच्या मागे कारखान्याची लांब भिंत होती, आणि तिथे दिवसभर कुणी ना कुणी ड्रायव्हर आडोशाला उभा राही. ऊन चढलं की वास थेट टेबलावर. नदीकाठी फिरायला येणारे लोक नाकाला रुमाल लावून जात आणि जाता जाता पावतीबाईंकडे असं बघत, जणू भिंत त्यांच्या माहेरची आहे.

"माणसं आहेत का कोण आहेत ही!" पावतीबाई रोज एकदा तरी म्हणत.

"बाई, तुम्ही निदान बसून वास घेता," वॉचमन म्हणे. "मला उभ्याने घ्यावा लागतो."

गेटजवळ दोन संडास होते. स्वच्छ, फरशी लावलेले. दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असा बोर्ड आणि बोर्डाखाली कुलूप. कधीतरी कुणीतरी नळ चालू ठेवून गेलं, साहेब म्हणाले कुलूप लावा, आणि लागलं. ते कुणाला खुपत नव्हतं, कारण ज्यांना खुपावं ते सगळे कुलपाच्या बाहेर होते. चावी पावतीबाईंच्या ड्रॉवरमध्ये असे.

त्या मंगळवारी हिरव्या शर्टातला एक ड्रायव्हर खिडकीशी आला. पन्नाशीचा, डोळे तांबारलेले. आदल्या दुपारपासून तो रांगेत होता. नंबर कधी लागेल हे दोनदा विचारून गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

"ताई, जरा चावी मिळाली असती तर..."

"कसली चावी?" पावतीबाईंनी विचारलं. कसली ते त्यांना माहीत होतं.

"ती... तिकडची."

"बोर्ड वाचलात ना? स्टाफसाठी आहे ते. पुढे पेट्रोल पंप आहे की."

"पंप लांब आहे, ताई. माझ्यापुढे दोनच गाड्या राहिल्यात. सोडून कसा जाऊ?"

"मग लागेलच नंबर आता." आणि त्यांनी काच सरकवली.

तो काचेपलीकडे थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग गेला. अर्ध्या तासाने पावतीबाईंनी मागच्या खिडकीतून पाहिलं, तर भिंतीशी हिरवी पाठ! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन उचलला आणि फोटो काढला.

पुढचं सगळं भराभर झालं. साहेबांनी शाबासकी दिली. फोटो मोठा छापून गेटवर चिकटवला, खाली ट्रकचा नंबर आणि 'भिंत घाण करणाऱ्यास प्रवेश बंद'. कारखान्याच्या आणि सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या फोनवर जो एक ग्रुप होता त्यावरही फोटो गेला. दुपारपर्यंत उत्तर आलं: सदर ड्रायव्हरला गाडीवरून उतरवण्यात आले आहे. त्याखाली अंगठ्यांची रांग. दुसरा ड्रायव्हर येऊन ट्रक आत घेऊन गेला, आणि हिरव्या शर्टाचा माणूस हातात कापडी पिशवी घेऊन काठाकाठाने चालत निघाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"बाई, आज भिंत कोरडी!" वॉचमन म्हणाला.

पावतीबाई त्या संध्याकाळी जरा ताठ मानेनेच घरी गेल्या.

घरी अप्पा होते, त्यांचे वडील. बत्तीस वर्षं ट्रक चालवून आता घरी बसलेले. मूत्रपिंडात सारखे खडे होत. भरपूर पाणी प्या, असं डॉक्टर प्रत्येक वेळी बजावत. पावतीबाई सकाळी मोठी बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवत, आणि संध्याकाळी बघावं तर बाटली जवळजवळ तशीच.

"अप्पा, ही बाटली शोभेला ठेवलीय का मी?"

"पितो गं. दवाखान्यात जायचंय ना आज-उद्या, म्हटलं वाटेत उगाच..."

"दवाखाना शुक्रवारी आहे! बाहेर जायचं नुसतं नाव निघालं की तुमचं पाणी बंद. म्हातारपणी तरी सोडा तो नेम."

अप्पा हसले. मग लेकीने ताट वाढता वाढता मोठ्या हौसेने भिंतीची गोष्ट सांगितली आणि फोन त्यांच्या हातात दिला. अप्पांनी चष्मा लावला. फोटोकडे ते इतका वेळ बघत राहिले, की पावतीबाईंना वाटलं, दिसत नसेल.

"किती वेळ उभा होता हा रांगेत?"

"काल दुपारपासून."

"त्याने विचारलं होतं तुला?"

"काय?"

"जागा."

पावतीबाईंचा हात ताटावर थांबला. "विचारलं होतं. चावी मागत होता."

"चावी कुणाकडे असते?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

अप्पांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुझी आई तुला सांगायची," ते हळू आवाजात म्हणाले, "अप्पा गाडीवर निघायच्या दिवशी पाणी पीत नाहीत, त्यांचा नेम आहे."

"हो. तुमचं बघूनच तर मी माझा नेम धरला."

"नेम कसला, पोरी! बत्तीस वर्षांत तुझ्या खिडकीसारख्या किती खिडक्यांशी वाकलो, मोजलं नाही. एकीतूनही चावी मिळाली नाही. मग आपलं आपणच शहाणं व्हायचं. आत पाणीच गेलं नाही तर चावी मागायची वेळ येणार नाही. इंजिनाच्या धगीत ओठ फुटायचे, पण घोट घ्यायचा नाही. आणि अगदीच जीव कासावीस झाला, की मग भिंत. तिथे तोंड भिंतीकडे करून का उभं राहतात माहितीये? लोकांनी पाठ बघितली तर बघू दे, तोंड बघू नये म्हणून."

"अप्पा! तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"कुणाला बोलू? तू शाळेत सांगायचीस, माझे अप्पा एवढा मोठा ट्रक चालवतात. त्या पोरीला सांगू, की तुझ्या बापाला लघवीला जागा मिळत नाही? तुझ्या आईने नेम म्हटलं, तर त्यात थोडा मान होता. राहू दिला."

पावतीबाईंचे डोळे भरून आले, तरी तोंडातून निघायचं ते निघालंच. "पण घाण होते ना अप्पा. रस्त्याने बायका-मुलं जातात. मी काय खोटा फोटो काढला?"

"घाण होते, कोण नाही म्हणतं? मला स्वतःला लाज वाटायची, तुला काय वाटली असेल त्याच्या दसपट. घाण कुणी केली ते तू फोटोत धरलंस. पण ती का झाली, ते तुझ्या ड्रॉवरमध्ये होतं."

त्या रात्री पावतीबाईंनी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडवेनात. सकाळी थाळीत पाणी भरलं. एक चिमणी आली, चोच बुडवली, उडून गेली. त्या पाखराला त्यांनी कधी बोर्ड दाखवला नव्हता! अकरा वर्षं कुणाला पाणी पाजून आपण समाधानाने चहा पीत आलो, आणि कुणाच्या तोंडावर काच सरकवत आलो? त्यांना चहा गेला नाही.

गेटवर पोचल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी तो फोटो नखांनी खरवडून काढला. वॉचमन बघत राहिला. मग त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, कालच्या ड्रायव्हरने माझ्याकडे चावी मागितली होती. मी दिली नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आणि उघडं ठेवलं तर साफ कोण करणार? सफाईवाली उद्या काम सोडून जाईल."

सफाईवाल्या मावशी नेमक्या दाराशी फरशी पुसत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंय का साहेब आजवर? रोज ती अख्खी भिंत धुते मी. भिंतीपेक्षा दोन संडास धुणं परवडलं!"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "महिनाभर बघू. तक्रार आली तर जबाबदारी तुमची."

"माझीच," पावतीबाई म्हणाल्या. फोनच्या त्याच ग्रुपवर त्यांनी लिहिलं: कालचा फोटो काढणारी मी. त्या ड्रायव्हरने जागा मागितली होती, ती मी नाकारली. त्याला शिक्षा नको. या वेळी अंगठे आले नाहीत. फक्त ट्रान्सपोर्टच्या मालकाने विचारलं, नक्की का? त्यांनी लिहिलं, नक्की.

जेवणाच्या सुट्टीत पावतीबाई त्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेल्या. पायऱ्यांवर तो बसला होता. अंगात तोच हिरवा शर्ट, शेजारी कापडी पिशवी. त्यांना पाहताच तो धडपडत उठला आणि त्याने हात जोडले.

"ताई, मी माफी मागायला येणारच होतो."

पावतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दादा, हात नका जोडू. मागायची मलाच आहे. तुम्ही नीट विचारलंत. मी नीट उत्तर दिलं नाही."

त्याने हात खाली घेतले. मग म्हणाला, "कामाचं होईल ताई. आताच मालक म्हणाले, चार दिवसांनी ये. पण तो फोटो फिरला हो. फिरत फिरत माझ्या मुलीच्या फोनवर गेला. तोंड दिसत नव्हतं, मला वाटलं कळणार नाही. पण खांद्यामागे हे ठिगळ आहे ना, ते तिनेच शिवलेलं."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. रात्री फोनवर म्हणाली, बाबा, तो शर्ट आता घालू नका."

गेटवरून फोटो खरवडता येतो, ग्रुपवरून पुसता येतो. त्या मुलीच्या डोळ्यांपुढून कोण पुसणार? तिने हाताच्या तळव्याएवढ्या ठिगळावरून बाप ओळखला. आणि ही पावतीबाई, ड्रायव्हरचीच लेक, रोज आपल्या बापासारख्या शंभर माणसांना पावत्या देत होती, एकाला ओळखत नव्हती.

चार दिवसांनी तो पुन्हा रांगेत आला. अंगात पांढरा शर्ट होता. खिडकीशी त्याने कागद दिले, नंबर सांगितला आणि दुसरं काही न विचारता वळला.

"दादा," पावतीबाईंनी हाक मारली, "त्या दाराला कुलूप नाही आता. बाहेर पाण्याचा पिंप ठेवलाय. रांग सरकली तर वॉचमन तुमची जागा धरेल, मी सांगून ठेवलंय."

त्याने मान हलवली. लगेच गेला नाही. दहा मिनिटं ट्रकजवळ घुटमळला, दोनदा दाराकडे बघितलं, आणि कुणी हटकत नाही अशी खात्री झाल्यावर गेला. हे बघणं पावतीबाईंना फोटोपेक्षा जड गेलं.

मंडळी, तुमच्या-माझ्या घरातली वही, साबण, औषधाची गोळी, सगळं कुणीतरी उन्हातान्हातून ट्रकने आणलेलं असतं. माल आत घ्यायला आपली दारं सताड उघडतात, आणि आणणाऱ्यासाठी आपण बोर्ड लावतो. मग तो भिंतीशी उभा राहिला की त्याला घाणेरडा म्हणतो. आपल्यापैकी कितीजणांच्या ड्रॉवरमध्ये अशी एखादी चावी पडून आहे, ते ज्याने त्याने उघडून बघावं. दुसऱ्याची लाज चारचौघांत मांडण्याआधी, ती आपण तर त्याच्यावर आणली नाही ना, एवढं स्वतःला विचारावं. आणि दाराशी थांबलेल्या माणसाला पाणी आणि आडोसा देण्याहून मोठा नेम नाही, हे विसरू नये.

तो ड्रायव्हर रांगेत परत येण्याआधीच्या शुक्रवारी पावतीबाई अप्पांना घेऊन दवाखान्यात निघाल्या, तेव्हा निघताना त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. अप्पांनी सवयीने हात आखडता घेतला.

"प्या, अप्पा. वाटेत माझं गेट लागतं."

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. मग पेला दोन्ही हातांनी धरला आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.